वसतिगृह आणि नेमणूक : हुणसूरच्या देवराज अर्स यांचे कार्य

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हुणसूर हे तालुक्याचे गाव आहे. आज ते तंबाखूच्या पिकासाठी ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात त्याची प्रसिद्धी निराळ्या कारणांनी होती. म्हैसूरच्या राजांनी आणि टिपूने नावारूपास आणलेल्या अमृतमहाल जातीच्या बैलांचे ठाणे येथे होते. कंपनी सरकारच्या फौजेला लागणारे बूट आणि चामड्याचे इतर सामान तयार करणारा कारखानाही येथेच होता. तो १८६४ साली बंद पडला. चामडे कमावणारे, गुरे राखणारे आणि पश्चिमेच्या अरण्यात मध गोळा करणारे हात या तालुक्यात पूर्वापार पुष्कळ. लिहिणारे हात मात्र थोडे. या तालुक्यातील कल्लहळ्ळी या खेड्याशी नाते असलेला एक पदवीधर पुढे राज्याचा मुख्यमंत्री झाला, आणि न लिहिणाऱ्या घरांतील मुलांना शाळेपर्यंत व शाळेतून नोकरीपर्यंत कसे न्यावे या प्रश्नाला त्याने आपल्या कारकीर्दीत मध्यवर्ती स्थान दिले. ते देवराज अर्स. त्यांचा जन्म २० ऑगस्ट १९१५ चा.

हा प्रश्न त्यांनी प्रथम उभा केला असे मात्र नव्हे. म्हैसूर संस्थानात त्याची चर्चा त्यांच्या जन्माच्या सुमारासच सुरू झाली होती, आणि तिचा उगम शोधू गेल्यास तो मराठी मुलखातही सापडतो.

म्हैसूरच्या कारभाराशी मराठीचा संबंध जुना आहे. टिपूच्या पाडावानंतर बारा वर्षे दिवाणगिरी सांभाळणारे पूर्णय्या देशस्थ ब्राह्मण होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूरच्या महसुली दप्तरात कानडीच्या जोडीला मराठीही चालत असे. ज्या घरात हिशेबाची भाषा मुलाच्या कानावर लहानपणापासून पडते, त्या घरातील मुलाला कचेरीचा उंबरठा परका वाटत नाही. इंग्रजी आली तेव्हा हीच घरे सर्वांआधी इंग्रजी शिकली. यात कुणाचा कट होता असे मानण्याचे कारण नाही. वहिवाटीचे ते फळ होते. परंतु वहिवाट शंभर वर्षे चालली म्हणजे ती निसर्गनियमासारखी भासू लागते, आणि ज्यांना तिचा लाभ होतो त्यांना तर ती गुणवत्ताच वाटते.

या समजुतीला संस्थानी हुकुमाने पहिला धक्का दिला तो कोल्हापुरात. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध करून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस देण्याचे ठरविले. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे, अशी व्याख्याही त्याच हुकुमात होती. हा हुकूम सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९०१ साली, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. वसतिगृह आधी आणि हुकूम मागाहून, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागा राखून ठेवणे एका सहीचे काम असते. त्या जागेवर बसण्याजोगा मुलगा तयार व्हावयास दहा-बारा वर्षे लागतात, आणि ती दहा-बारा वर्षे त्याला कुठे तरी राहावे लागते, दोन वेळा जेवावे लागते. महाराजांनी पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील अशी तजवीज केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

त्याच १९१७ साली म्हैसुरात ‘प्रजामित्र मंडळी’ ही ब्राह्मणेतरांची पहिली राजकीय संस्था स्थापन झाली. तिच्या शिष्टमंडळाने चौथे कृष्णराज वडेयर यांच्याकडे गाऱ्हाणे मांडले, आणि १९१८ मध्ये महाराजांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. दिवाण होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मराठी श्रोत्यांना ते खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविणारे अभियंते म्हणून परिचित आहेत. शिक्षणाचा प्रसार ते इतर कोणाहून कमी इच्छीत नव्हते. पण नेमणुकीत जातीचा विचार व्हावा हे त्यांना मान्य नव्हते. शिक्षण सर्वांना खुले करा, कारखाने काढा, म्हणजे योग्य माणसे आपोआप वर येतील, असे त्यांचे मत. १९१८ अखेर ते पदावरून दूर झाले. त्यांच्या मतात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. ‘आपोआप’ या शब्दात किती पिढ्या खर्ची पडतात, एवढा हिशेब त्यात राहून गेला होता.

मिलर समितीच्या शिफारशींवर १९२१ मध्ये हुकूम निघाला. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा मागासलेल्या समाजांकडे याव्यात, असे त्यात उद्दिष्ट ठेवले होते. तेव्हा दिवाणपदावर कांतराज अर्स होते. ‘अरसु’ म्हणजे कानडीत राजा. राजघराण्याशी सोयरिकी असलेला हा छोटा समाज. कल्लहळ्ळीचे देवराज याच समाजातले. अर्स मुलांसाठी म्हैसुरात राजाश्रयाने चालणाऱ्या बोर्डिंग शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथून ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात गेले, विज्ञानाचे पदवीधर झाले, आणि नोकरी न धरता गावी येऊन शेती पाहू लागले. स्वतः वसतिगृहात वाढलेल्या माणसाने पुढे वसतिगृहांकडे इतके लक्ष पुरवावे यात नवल नाही.

देवराज अर्स १९४१ साली म्हैसूर प्रतिनिधी सभेत गेले आणि १९५२ पासून हुणसूर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून येत राहिले. तोपर्यंत १९२१ च्या हुकुमाचे गुण आणि दोष दोन्ही उघड झाले होते. ब्राह्मणेतर सर्वच मागासलेले, अशी सरधोपट व्याख्या केली की त्यात वक्कलिग आणि लिंगायत यांसारखे जमीनदार, संख्येने मोठे समाज येतात, आणि न्हावी, कुंभार, परीट, धनगर, कोळी हेही येतात. एकाच पंक्तीला मोठे आणि लहान बसले म्हणजे वाढप कोणाच्या पानापाशी थांबते हे सांगावयास नको. मोठ्या समाजांनी स्वतःची वसतिगृहे काढली, मठांनी शाळा-महाविद्यालये काढली. बाराबलुतेदारांना मठही नव्हता आणि मठाधिपतीही नव्हता.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने गुंता आणखी वाढला. जुने म्हैसूर, मुंबई इलाख्यातून आलेले बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे, हैदराबाद संस्थानातील प्रदेश, मद्रास इलाख्यातील प्रदेश आणि कूर्ग हे सर्व एका राज्यात आले. प्रत्येक भागाची मागासांची यादी निराळी होती. एकीकडे मागास ठरलेला समाज दुसरीकडे पुढारलेला. सरकारने नागन गौड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने हायस्कुलाच्या वरच्या तीन वर्गांतील विद्यार्थ्यांचे दर हजारी प्रमाण प्रत्येक समाजासाठी काढले. सर्व राज्याची सरासरी ६.९ आली. सरासरीखालचे ते मागास, आणि सरासरीच्या निम्म्याहून खालचे ते अधिक मागास. कसोटी सोपी होती, आणि एका दृष्टीने प्रामाणिकही, कारण ती पुराणातील वर्णापेक्षा शाळेच्या हजेरीपटाकडे पाहत होती. परंतु समितीने पुढारलेल्यांत घातलेल्या लिंगायतांना सरकारने परत यादीत आणले, आणि मागासांना २८, अधिक मागासांना २२, अनुसूचित जातींना १५ व अनुसूचित जमातींना ३ मिळून वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शेकडा ६८ जागा राखून ठेवल्या. १९६२ च्या सप्टेंबरात बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. केवळ जात ही कसोटी पुरेशी नाही, आणि राखीव जागा सामान्यतः निम्म्याहून कमी असाव्यात, असे न्यायालयाने सांगितले. आज देशभर ज्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर वाद चालतो तिची सुरुवात या म्हैसूरच्या खटल्यातून झाली.

येथे थोडे सातासमुद्रापलीकडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाला निग्रो गुलामाच्या आणि येथील शूद्रातिशूद्रांच्या दुःखातील साम्य त्या काळी दिसावे, ही साधी गोष्ट नव्हे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विल्यम ड्यू बॉय या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे निग्रोंनी मांडलेल्या निवेदनाची प्रत मागविली, तेव्हा तोच धागा पुढे गेला. अमेरिकेत सरकारी कंत्राटदारांनी नेमणुकीत वर्णभेद न करता उलट तो घालविण्यासाठी पावले उचलावीत, असा आदेश राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मार्च १९६१ मध्ये काढला. १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बाकी खटल्यात डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी राखून ठेवलेल्या सोळा जागा अवैध ठरविल्या, मात्र प्रवेशाच्या वेळी वर्णाचा एक घटक म्हणून विचार करण्यास मुभा दिली. २०२३ च्या जून महिन्यात ती मुभाही संपली. म्हैसूरचा खटला वैद्यकीय प्रवेशाचा, कॅलिफोर्नियाचाही वैद्यकीय प्रवेशाचा. मधे सोळा वर्षांचे अंतर. दोन्ही देशांत वाद पेटतो तो डॉक्टर होण्याच्या दारात. तेथवर पोहोचण्याआधीच जे कृष्णवर्णीय तरुण शाळा सोडतात, तुरुंगात जातात, बेकार राहतात, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना स्वतंत्र मोहीम काढावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मार्च १९७२ मध्ये देवराज अर्स मुख्यमंत्री झाले. त्यांच्या समाजाची मते त्यांना निवडून आणण्यास कोठेही पुरेशी नव्हती. मोठ्या दोन समाजांच्या आधारावर अवलंबून राहावयाचे नसेल तर लहान लहान समाजांची मोट बांधणे भागच होते. त्यांच्या धोरणात हा राजकीय हिशेब होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेबाने सुरू झालेले काम हिशेबापुरतेच राहते असेही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी राणेबेन्नूरकडचे वकील एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा पहिला मागासवर्ग आयोग नेमला. हावनूर स्वतः बेडर समाजातील, म्हणजे ज्या घरांचा हा प्रश्न होता त्यांपैकीच एका घरातले. सर्व जातींची मोजदाद १९३१ च्या जनगणनेनंतर प्रसिद्ध झाली नव्हती. म्हणून आयोगाने नमुना पाहणी करविली, आणि १९७२ च्या एस. एस. एल. सी. परीक्षेत कोणत्या समाजाचे हजारी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले हे तपासले. नोव्हेंबर १९७५ मध्ये अहवाल आला. त्यात मागासांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. मागास समाजांना १६, मागास जातींना १० आणि मागास जमातींना ६, असे प्रमाण सुचविले होते. बालाजी खटल्यात मागास आणि अधिक मागास ही विभागणी न्यायालयाला रुचली नव्हती. हावनूरांनी ती निराळ्या पायावर पुन्हा मांडली, आणि १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी करता येते हे मान्य केले.

अहवालातून लिंगायत वगळले गेल्यामुळे विधानसभेत आणि बाहेर त्यावर कडाडून टीका झाली. १९७७ च्या फेब्रुवारीत सरकारने शिफारशी काही फेरफार करून अमलात आणल्या. जातीने मागास नसलेल्या पण गरीब घरांसाठी एक विशेष गटही जोडला. हा विशेष गट म्हणजे विरोध बोथट करण्याची युक्ती होती असे काहींचे मत. असेलही. पण उपाशी घराला जात विचारून भूक लागत नाही, हे तत्त्व त्यामुळे राज्याच्या हुकुमात शिरले.

तथापि अर्स यांच्या कारकीर्दीचे मोजमाप या टक्केवारीने करणे म्हणजे हिमनगाचे टोक मोजण्यासारखे आहे. १९७४ पासून अमलात आलेल्या जमीन सुधारणेने कुळांना कसत्या जमिनीचा हक्क मिळवून देण्यासाठी तालुक्यातालुक्यांत न्यायाधिकरणे बसली. खंड द्यावयाचा थांबला की त्या घरातील थोरला मुलगा दुसऱ्याच्या गोठ्यात राहण्याऐवजी शाळेत राहू शकतो. शिक्षणखात्याच्या कोणत्याही परिपत्रकाहून हा उपाय अधिक परिणामकारक ठरतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृहे वाढविण्यात आली. १९७७ मध्ये मागासवर्गांसाठी आणि अल्पसंख्याकांसाठी महामंडळ निघाले; २००५ पासून ते देवराज अर्स यांच्या नावाने ओळखले जाते. आणि ज्या पदवीधरांना पदवी घेऊनही काम मिळत नव्हते त्यांना विद्यावेतन देऊन सरकारी कचेऱ्यांत बसविण्याची योजना आली. त्यांपैकी अनेकांना पुढे नोकरीत सामावून घेतले गेले.

या विद्यावेतनाच्या योजनेवर प्रशासनात नाके मुरडली गेली. परीक्षा न घेता घेतलेला माणूस टिपण काय लिहिणार, असा सवाल होता. तो अगदीच अनाठायी नव्हता. परंतु कचेरीत बसल्याशिवाय टिपण लिहिता येत नाही, आणि टिपण लिहिता येत नाही म्हणून कचेरीत घ्यावयाचे नाही, या चक्रातून पहिल्या पिढीचा पदवीधर बाहेर पडावा कसा, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांपाशी नव्हते. ज्याचे वडील कारकून होते तो मुलगा फाइल कशी बांधतात, साहेबासमोर उभे कसे राहतात, अर्जाचा मायना कसा असतो हे घरी शिकून आलेला असतो. पाठ्यपुस्तकात या गोष्टी नसतात, आणि मुलाखतीत गुण मात्र त्यांनाच पडतात.

मराठी मुलखात हे मर्म ज्यांनी ओळखले त्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव पहिले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. कोल्हापूरची वसतिगृहे समाजासमाजांची होती. साताऱ्यात महार, मराठा, जैन, मुसलमान मुलगे एका पंक्तीला बसले. शिवाय तेथील मुले शेतात राबून, दगड फोडून आपल्या जेवणाचा खर्च भागवीत. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामातील टस्किगी येथे उभारलेल्या निग्रोंच्या विद्यालयाची आठवण करून देते. तेथेही विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. म्हैसूरच्या सरकारी वसतिगृहांत हे श्रमाचे अंग आले नाही. तेथे सरकार जेवू घालीत होते आणि मुलगा अभ्यास करीत होता. वसतिगृह सरकारी झाले की ते टिकते, पण त्याला भाऊराव मिळत नाहीत. मिळतो तो बदलून आलेला अधीक्षक.

शिकलेला तरुण केवळ नोकरी मागून थांबत नाही, याचाही अनुभव अर्स यांच्या सरकारला लवकरच आला. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांचे एक दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी म्हैसूरच्या एका सभेत कानडी वाङ्मयाचा बराचसा भाग ‘बूसा’ आहे असे उद्गार काढले. बूसा म्हणजे आपला भुसाच. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद पाडण्यासाठी झटणारा हा मंत्री. पण या एका शब्दावरून राज्यभर दंगा उसळला, वसतिगृहांतील दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि बसवलिंगप्पांना राजीनामा द्यावा लागला. त्या वसतिगृहांतील मुलांतूनच पुढे दलित संघर्ष समितीची चळवळ आणि कानडीतील नवे दलित साहित्य उभे राहिले. ज्या वाङ्मयाला भुसा म्हटले गेले त्यात भर घालण्याचे काम त्यांनीच केले, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

कारकीर्दीला काळी बाजूही आहे. आणीबाणीत ते दिल्लीच्या बाजूला उभे होते. केंद्राने नेमलेल्या ग्रोव्हर आयोगाने त्यांच्या सरकारवरील काही आरोप सिद्ध मानले. तरीही १९७८ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसविले. १९७९ मध्ये इंदिरा गांधींशी त्यांचे बिनसले, जानेवारी १९८० मध्ये ते पायउतार झाले, आणि ६ जून १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

यादीत नाव असणे आणि लाभ पदरात पडणे यांतील अंतर कळावयाचे असेल तर कर्नाटकच्या दोन अरण्यांकडे पाहावे. एक उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर–हल्याळचे. तेथील सिद्दी हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्यांचे वंशज; मराठी व कोकणी मिसळलेली बोली ते बोलतात. आपल्या सीमेवर राहणाऱ्या या कृष्णवर्णीय भाषाबंधूंची ओळख मराठी वाचकाला फारशी नाही. ऐंशीच्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावपटू करण्याची योजना आखली. काही मुले चमकली, काहींना खेळाडू म्हणून नोकरी लागली, पण समाजाची शाळा त्याने वाढली नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव आले ते २००३ साली, आणि त्यांच्यातील शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नियुक्त झाले ते २०२० मध्ये.

दुसरे अरण्य हुणसूरच्याच हद्दीवरचे, नागरहोळे. तेथील जेनु कुरुब म्हणजे मध गोळा करणारे कुरुब. त्यांचे नाव यादीत प्रथमपासून आहे; केंद्र सरकारच्या अतिदुर्बल आदिम जमातींतही आहे. अभयारण्य झाले, पुढे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्यांच्या हाड्या, म्हणजे पाडे, अरण्यातून उठत गेल्या. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात विस्थापित कुटुंबांची संख्या तीन हजारांहून अधिक भरली. हुणसूर तालुक्यात नागापूर येथे त्यांच्यासाठी वसाहत वसविण्यात आली; घर, जमीन आणि जवळ आश्रमशाळा. कोडगूच्या मळ्यांत कॉफीची तोडणी सुरू झाली की घरची वडील माणसे तिकडे जातात आणि मोठी मुले त्यांच्याबरोबर निघतात. तोडणीचा हंगाम हिवाळ्यात येतो. शाळेची वार्षिक परीक्षा त्याच्या पाठोपाठ, मार्चात असते.